चरबी बनवणारं जनुक काढलं, तर उंदराचं काय होतं?

प्रश्न पुण्यातल्याच एका विद्यार्थिनीचा आहे. पीएच.डी.चं पहिलं वर्ष, विषय यकृतातली चरबी, प्रयोग उंदरांवर. वाचायला बसली आणि गोंधळली. फॅटी अ‍ॅसिड बनवणारं एक जनुक काढलं तर पिल्लू जन्मालाच येत नाही. त्याच साखळीतलं दुसरं काढलं तर उंदीर सडपातळ राहतो, तेलकट खाऊनही सुटत नाही. ‘‘एकाच कामातली जनुकं, मग निकाल इतके उलटे कसे? आणि मी जनुक अख्ख्या शरीरातून काढू की फक्त यकृतातून?’’ जाता जाता असंही लिहिलंय, की वडिलांना मधुमेह आहे आणि घरी सगळे विचारतात, म्हणजे तू चरबी बंद करायचं औषध शोधणार का.

मी वीसेक वर्षं पुण्यात उंदरांच्या खोल्यांमध्ये काढली आहेत. आधी पिंजरे मोजत, नंतर पिल्लं मोजत, आता इतरांची मोजणी तपासत. त्यामुळे हे उत्तर पुस्तकी क्रमाने येणार नाही.

गोंधळाचं मूळ ‘चरबी बनवणारं जनुक’ या शब्दांतच आहे. चरबी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पोटाचा घेर येतो. पेशीसाठी मात्र चरबी म्हणजे आधी भिंत, मग निरोप, आणि सगळ्यात शेवटी साठा. त्यामुळे असं जनुक काढलं की पहिला प्रश्न हा विचारायचा: त्या जागी, त्या दिवशी, बाहेरून तयार माल पोचू शकतो का? पोचत असेल तर उंदीर तगतो, कधी बारीकही होतो. पोचत नसेल तर मरतो. आणि काही ठिकाणी माल पोचूनही उपयोग होत नाही, कारण पेशीला घरचा माल आणि बाहेरचा माल यातला फरक कळतो. तुम्ही वाचलेले बहुतेक उलटसुलट निकाल या तीन वाक्यांत बसतात.

साखळी थोडक्यात सांगते, म्हणजे पुढची नावं जड जाणार नाहीत. साखरेतून आलेल्या अ‍ॅसिटिल को-ए या दोन कार्बनच्या तुकड्याला एसीसी नावाचं एन्झाइम तयार करतं, आणि फॅटी अ‍ॅसिड सिंथेज, म्हणजे आपण फॅसन म्हणतो ते, असे तुकडे जोडत १६ कार्बनचं पामिटेट बनवतं. ते लांबवायचं काम ईलॉव्हल कुटुंबाचं, त्यात दुहेरी बंध घालायचं काम एससीडीचं, आणि शेवटी ग्लिसरॉलवर तीन बसवून ट्रायग्लिसराइड बांधायचं काम डीजीएटीचं. कोलेस्टेरॉलची गल्ली वेगळी, पण सुरुवात त्याच अ‍ॅसिटिल को-एपासून. दोन्ही गल्ल्यांवर एसआरईबीपी या प्रथिनांची देखरेख असते. तीसहून अधिक जनुकं ती थेट चालू करतात.

आता गर्भ. फॅसनच्या दोन्ही प्रती नसलेला उंदराचा गर्भ गर्भाशयाच्या भिंतीत रुजायच्या आधीच संपतो. हे २००३ साली प्रसिद्ध झालं. त्या कामातल्या दोन गोष्टी माझ्या मते मुख्य निकालापेक्षा मोलाच्या आहेत. एक म्हणजे, एकच प्रत गेलेले, ज्यांना आम्ही हेट म्हणतो, तेही अपेक्षेपेक्षा बरेच कमी जन्मले. म्हणजे अर्धा माल पुरला नाही. दुसरं, आईबापांना संपृक्त चरबी भरपूर असलेलं खाद्य देऊन पाहिलं, तरी गर्भ वाचले नाहीत. आईच्या ताटात तूप वाढलं म्हणून ते त्या सूक्ष्म गोळ्याच्या पेशींना आपल्या जागी मिळत नाही.

एसीसी-१ गेलं तर गर्भ रुजतो, पण साडेआठाव्या दिवसाच्या सुमारास मेलेला सापडतो. तिचीच बहीण एसीसी-२ काढली तर उंदीर जगतो, पिल्लं घालतो. कारण दोघींची रासायनिक क्रिया तीच असली तरी बसायची जागा वेगळी. एसीसी-१ पेशीरसात, तिथला माल चरबी बांधायला जातो. एसीसी-२ मायटोकॉन्ड्रियाच्या दारात, आणि तिचा माल म्हणजे फॅटी अ‍ॅसिडला आत जाळायला जाऊ न देणारी कडी. कडी काढली की जळण वाढतं. २००१ साली हे उंदीर जास्त खाऊनही बारीक राहतात असं छापून आलं तेव्हा लठ्ठपणाचं औषध सापडल्यासारखा आनंद झाला होता. २०१० मध्ये दोन वेगळ्या गटांनी आपापले एसीसी-२ नसलेले उंदीर तयार केले. चरबीचं जळण वाढलेलं दिसलं, वजनात मात्र फरक नाही. उंदीर चरबी जास्त जाळत होता आणि साखर तेवढी कमी. जमाखर्च तोच. तुम्ही पहिला लेख वाचून थांबला असाल तर दुसरे दोन शोधा.

‘गर्भ मरतो’ हे वाक्य प्रत्यक्षात कसं दिसतं, ते एकदा बघायला हवं. दोन हेटचं मीलन लावलं की हिशोब १:२:१ असतो, म्हणजे चारातलं एक पिल्लू नॉकआउट, दोन्ही प्रती नसलेलं. पहिल्या वेतात आठ पिल्लं आली, जीनोटायपिंगच्या, म्हणजे कुणाकडे जनुकाच्या किती प्रती आहेत ते तपासायच्या, जेलवर एकही नॉकआउट नाही, आणि विद्यार्थी धावत येतो: ‘‘मॅडम, लीथल आहे, जनुक गेलं की पिल्लू मरतंय!’’ अहो, आठांत एकही न येण्याची शक्यता निव्वळ योगायोगानेही दहात एक आहे. चाळीस पिल्लांत एकही नसेल तर तो योगायोग लाखात एकदा होतो, मग बोला. आणि मग खरं काम सुरू होतं. सकाळी मादीला प्लग, म्हणजे मीलन झाल्याची खूण असलेली योनीतली घट्ट गुठळी, दिसला तो दिवस अर्धा धरायचा आणि साडेबाराव्या दिवशी गर्भाशय उघडायचं. दोन्ही शिंगांत मण्यांच्या माळेसारखे फुगवटे दिसतात. निरोगी फुगवटा गुलाबी, टचटचीत. मधेच एखादा लहान, काळपट तांबडा, जांभळाच्या बीएवढा. आत गर्भ नाही, नुसती रक्ताळलेली गाठ. हे विरघळून गेलेले गर्भ. ते मोजा, नोंदवा, आणि जमलं तर त्यांचंही जीनोटायपिंग करा, मात्र आईची पेशी मिसळू न देता. नाहीतर मेलेला प्रत्येक गर्भ तुम्हाला हेटच दिसेल. माझा एक अख्खा पावसाळा या चुकीत गेला आहे.

देखरेख करणारी जनुकं काढली तर चित्र आणखी मजेशीर होतं. एसआरईबीपी-१ नसलेले गर्भ ५० ते ८५ टक्के या प्रमाणात अकराव्या दिवसाच्या आसपास मरतात. उरलेले जन्मतात, वाढतात आणि बऱ्यापैकी नॉर्मल दिसतात. हा निकाल १९९७ चा, डॅलसच्या ब्राउन-गोल्डस्टाइन यांच्या प्रयोगशाळेतला. वाचलेल्यांच्या यकृतात एसआरईबीपी-२ वाढलेलं होतं. धाकट्याने दुकान सांभाळलं म्हणा. उलट एसआरईबीपी-२ काढलं तर एकही वाचत नाही, कारण कोलेस्टेरॉलच्या गल्लीची मुख्य किल्ली तिच्याकडे. आणि एसआरईबीपी-१ चेच दोन प्रकार आहेत. त्यातला फक्त १-सी काढला तर उंदीर व्यवस्थित जगतो, जेवणानंतर यकृतात चरबी बनवायचा वेग तेवढा कमी होतो. त्यामुळे ‘एसआरईबीपी-१ नॉकआउट’ एवढंच वाचून पुढे जाऊ नका. कोणता प्रकार, ते बघा.

आतापर्यंत सगळं ‘कमी पडलं म्हणून मेलं’ असं झालं. पण जास्त झालं तर? इथे माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. पेशीत कोलेस्टेरॉल पुरेसं असलं की इन्सिग नावाची दोन प्रथिनं एसआरईबीपीला जागच्या जागी धरून ठेवतात आणि कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या रिडक्टेज या एन्झाइमला मोडीतही काढतात. थोडक्यात, इन्सिग म्हणजे कारखान्याचा ब्रेक. दोन्ही इन्सिग काढलेल्या उंदरांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. पिल्लं जन्मून एका दिवसात मेली. जन्माच्या आदल्या दिवसाचे गर्भ पाहिले तर ९६ टक्क्यांच्या चेहऱ्याची मधली रेघ नीट जुळलेली नव्हती. काहींचा फक्त टाळू फाटलेला, काहींचा संपूर्ण चेहरा दुभंगलेला. कारण कोलेस्टेरॉल जास्त झालं हे नव्हे. ब्रेक नसल्यामुळे आधीच्या पायरीवरची अर्धी कच्ची स्टेरॉल्स साचली. मग त्या मंडळींनी गाभण माद्यांना लोवास्टॅटिन, म्हणजे त्याच रिडक्टेजला रोखणारं औषध, दिलं आणि कारखान्यात शिरायचं दारच बंद केलं. कच्चा माल उतरला आणि चेहऱ्याची फाट बऱ्याच प्रमाणात टळली. बघा, एरवी गरोदरपणी स्टॅटिन म्हटलं की डॉक्टर सावध होतात. इथे तेच औषध टाळू जुळवतंय. जनुक काढल्याने जो बिघाड दिसतो तो मालाच्या टंचाईचा की वाटेत तुंबलेल्या कच्च्या मालाचा, हे ओळखल्याशिवाय त्यावर उपाय सुचवू नये. आमच्या सेमिनारमध्ये हा प्रश्न मी दरवर्षी विचारते आणि दरवर्षी उत्तर ‘टंचाई’ येतं.

कोलेस्टेरॉल आणि चेहरा यांचा संबंध काय, असं वाटेल. गर्भात मधली रेघ, बोटं, मेंदूचे दोन भाग आखायला सॉनिक हेजहॉग नावाचा निरोप्या असतो. त्याच्या शेपटीला कोलेस्टेरॉलचा रेणू पक्का जोडलेला असतो, हे १९९६ साली समजलं. निरोप घेणाऱ्या पेशीलाही तो वाचायला कोलेस्टेरॉल लागतं. कोलेस्टेरॉल बनवायच्या शेवटच्या पायरीचं डीएचसीआर-७ हे जनुक काढलेली पिल्लं जन्मतात, पण त्यांना दूध ओढता येत नाही, फुप्फुसं अपुरी असतात, आणि पहिल्या दिवसातच जातात. माणसात हेच जनुक बिघडलं की स्मिथ-लेमली-ओपिट्झ सिंड्रोम हा जन्मजात विकार होतो. स्क्वालीन सिंथेज हे आधीच्या पायरीचं. ते संपूर्ण काढलं तर गर्भ साडेनऊ ते साडेबारा दिवसांत मरतो, म्हणजे आईचं कोलेस्टेरॉल पीतक कोशातून आणि पुढे वारेतून येत असूनही पुरत नाही.

मेंदूपाशी तर बाहेरचा माल जवळपास बंदच. रक्तातलं कोलेस्टेरॉल मेंदूत शिरत नाही, त्यामुळे मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण घालणाऱ्या पेशींना ते घरीच बनवावं लागतं. त्याच पेशींतून स्क्वालीन सिंथेज काढलं तेव्हा उंदीर थरथरू लागले, तोल जाऊ लागला. पण मेले नाहीत. मायलिन उशिरा बनलं, आणि जे बनलं त्याची घडण जवळपास बरोबर होती. शेजारच्या पेशींनी उसनं दिलेलं कोलेस्टेरॉल मिळेल तसं वापरून पेशींनी काम हळू केलं, निकृष्ट मात्र केलं नाही. आमच्याकडचे काही कंत्राटदार यातून शिकले असते तर बरं झालं असतं.

आता त्वचेकडे येते, कारण सडपातळ उंदरांची अर्धी कहाणी तिथे आहे आणि लेखांत ती फार उशिरा कळली. एससीडी-१ नसलेला उंदीर बघितलात तर चयापचय वगैरे सुचणारही नाही, आधी दया येईल. केस विरळ, कातडी कोरडी आणि पापुद्रे सुटलेली, डोळ्यांच्या फटी अर्धवट मिटलेल्या, कडेला चिकट खपली. बोटांत धरला तर नेहमीच्या उंदराचा जो किंचित तुकतुकीतपणा जाणवतो, तो नाही. खडबडीत कागद धरल्यासारखं वाटतं. त्वचेतल्या तैलग्रंथी जवळपास नाहीशा झालेल्या असतात. गंमत म्हणजे हा उंदीर कुणी मुद्दाम बनवण्याआधीच माहीत होता. १९६५ साली असिबिया, म्हणजे ‘तेल नसलेला’, या नावाने त्याचं वर्णन झालं, आणि त्याचं बिघडलेलं जनुक एससीडी-१ आहे हे कळायला १९९९ उजाडलं. मग २००२ मध्ये विस्कॉन्सिनच्या गटाने मुद्दाम बनवलेला एससीडी-१ नॉकआउट सडपातळ राहतो, जास्त चरबीच्या खाद्यावरही फुगत नाही, असं दाखवलं. सगळ्यांनी यकृताकडे बोट दाखवलं.

त्या काळात मी जिथे काम करत होते तिथे असे थोडे उंदीर होते. एप्रिल संपत आला होता. शुक्रवारी दुपारी प्राणिगृहाच्या वातानुकूलन यंत्रणेने मान टाकली, आणि दुरुस्तीवाला सोमवारी येतो म्हणाला. एरवी २१ अंशांवर असलेली खोली शनिवारी दुपारी ३० वर गेली. आम्ही पाण्याच्या बाटल्या तासातासाला बघत होतो, खोलीत ओले टॉवेल टांगत होतो, आणि मला तर वाटत होतं, आधी हे आजारी दिसणारेच जातील. झालं उलटंच. ते पहिल्यांदाच एकमेकांना चिकटून घट्ट गोळा करायचे थांबले. पिंजऱ्यात हातपाय पसरून झोपले. सोमवारी खाद्य मोजलं तर दोन्ही गटांनी कमी खाल्लं होतं, पण नॉकआउटचं खाणं जास्त घसरलं होतं. तीन दिवसांचा अपघात म्हणजे प्रयोग नव्हे, तो कुठे छापायलाही दिला नाही. पण त्या दिवसापासून मी ‘चयापचय वाढलेला बारीक उंदीर’ वाचलं की आधी त्याचं कातडं कसं आहे ते बघते.

पुढे ते नीट सिद्ध झालंच. या उंदरांच्या अंगावर बाहेरून तेलकट लेप लावला तर उष्णता बनवायची धडपड कमी झाली. आणि २००९ साली फक्त त्वचेतून एससीडी-१ काढलेला उंदीरही तसाच सडपातळ राहिला. म्हणजे तो गळक्या घरात शेकोटी पेटवून बसला होता आणि आपण त्याला काटकुळा म्हणून शाबासकी देत होतो. उंदराला ऊब पुरेशी वाटते ती साधारण ३० अंशांना. आपण त्याला आपल्या सोयीने २०-२२ अंशांवर ठेवतो, म्हणजे तो जन्मभर पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटे उघड्यावर असल्यासारखा असतो. ज्या जनुकाच्या जाण्याने केस किंवा कातडी बिघडते, ते त्याला इथे बारीक करू शकतं. ईलॉव्हल-३ घ्या: त्या उंदरांची फर पाणी झटकत नाही, भिजली की अंग लवकर गार पडतं.

डीजीएटीच्या दोन बहिणींची गोष्टही याच वळणाची. डीजीएटी-२ नसलेलं पिल्लू जन्मतं ते अंगात चरबी जवळपास नसलेलं, आणि कातडी पाणी धरून ठेवत नाही. काही तासांत संपतं. डीजीएटी-१ नसलेला उंदीर मात्र जगतो, सडपातळ राहतो, इन्सुलिनला चांगला प्रतिसाद देतो. फक्त त्याच्या मादीला दूध येत नाही. दूध म्हणजे ट्रायग्लिसराइडचे थेंब, आणि स्तनग्रंथीत ते बांधायचं काम डीजीएटी-१ चं. आमच्या क्षेत्रात नवखी मुलं इथे हमखास फसतात: नॉकआउट मादी लावतात, पिल्लं जन्मतात, तिसऱ्या दिवशी पिंजरा रिकामा, आणि निष्कर्ष काढतात की पिल्लंच दुबळी. सकाळी नवजात पिल्लाचं पोट बघा. अजून केस आलेले नसतात, कातडीतून डाव्या बाजूला दुधाचा पांढरा ठिपका स्पष्ट दिसतो. आठही पिल्लांत ठिपका नसेल तर दोष आईचा. एकदोघांत नसेल तर पिल्लांचा. त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या मादीकडे निम्मी पिल्लं द्या, उत्तर मिळतं.

याच जनुकाने औषधवाल्यांनाही धडा शिकवला. उंदीर इतका निरोगी म्हटल्यावर डीजीएटी-१ रोखणारी औषधं माणसांत आली, आणि माणसांना जुलाब लागले, इतके की डोस वाढवता येईना. २०१२ साली डीजीएटी-१ जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेली बाळं समोर आली. त्यांना जन्मापासून गंभीर जुलाब होते. उंदराच्या आतड्यात डीजीएटी-२ मदतीला असतं, माणसाच्या आतड्यात बहुतांश भार डीजीएटी-१ वरच. घरी औषधाचं विचारतात ना, त्यांना ही गोष्ट सांगा. कंटाळवाण्या व्याख्यानापेक्षा लवकर पटते.

आता तुमचं यकृत. इथे अपेक्षा अशी असते, की यकृतातून फॅसन काढलं तर यकृतातली चरबी कमी होणार. नेहमीच्या खाद्यावर फारसं काहीच होत नाही. पण चरबी अजिबात नसलेलं खाद्य दिलं, तर त्या उंदरांचं यकृत उलट चरबीने भरलं आणि रक्तातली साखर उतरली. खाद्यात चरबी परत घातली, किंवा पीपीएआर-अल्फा हे प्रथिन औषधाने चालू केलं, की सगळं ठीक. हा सेंट लुइसच्या सेमेनकोविच यांच्या गटाचा २००५ चा निकाल. अर्थ असा, की चरबी जाळायचं बटण दाबायला यकृताला ताजी बनलेली किंवा नुकतीच जेवणातून आलेली चरबी लागते; अंगातल्या जुन्या साठ्यातून वाहत आलेली चालत नाही. हे घरच्या विरजणासारखं आहे. दूध कितीही असो, विरजणाचा तो चमचा ताजा नसेल तर दही लागत नाही. (उपमा ताणू नका, सूक्ष्मजंतू इथे नाहीत.) म्हणजे यकृतात फॅसनचं काम फक्त माल बनवणं नाही, माल जाळायचा निरोप देणंही आहे.

एसीसी-१ आणि २ दोन्ही यकृतातून काढलेल्या उंदरांतही एका गटाला यकृतातली चरबी वाढलेली दिसली. २०१७ मध्ये एसीसी रोखणारं औषध माणसांना दिलं तेव्हा यकृतातली चरबी उतरली खरी, पण रक्तातले ट्रायग्लिसराइड वाढले. एसीसी बंद म्हणजे लांब साखळीची बहुअसंपृक्त फॅटी अ‍ॅसिड्स कमी, ती कमी म्हणजे एसआरईबीपी-१-सी वरचा त्यांचा लगाम सुटला, आणि यकृत जास्त चरबी रक्तात सोडू लागलं. एक नळ दाबला की दुसरा वाहतो.

पुण्यात बसून हे काम करणाऱ्याने आणखी एक गोष्ट मनात ठेवावी. पुण्याच्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. यज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बाळांची मोजमापं घेतली आणि २००३ साली मांडलं, की आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनचं ३.५ किलोचं, पण आपल्या बाळात जी कमी आहे ती मुख्यतः स्नायू आणि अवयवांची, कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. बारीक पण चरबीदार. पुढे पुण्याशीच जोडलेल्या उंदीरवर्गीय कामात ५० पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या विस्टार जातीच्या रॅट्सना (प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरांना) दोन पिढ्या पोटभर खायला दिलं, तरी मधुमेहाकडचा कल गेला नाही. ही जनुकं काढायची गोष्ट नाही, डीएनएचे अक्षर न बदलता जनुकांच्या वापराची सवय बदलायची आहे. पण विषय तोच: चरबी किती, यापेक्षा ती कुठे आणि केव्हा बनली. वडिलांच्या मधुमेहाचा विचार करताना उंदराचा नॉकआउट आणि आपल्या खेड्यातलं बाळ यांच्यामध्ये सरळ रेघ ओढू नका. उंदराच्या रक्तात कोलेस्टेरॉल बहुतांश एचडीएलमध्ये असतं, आपल्यात एलडीएलमध्ये. तिथपासूनच फरक आहे.

तर तुमचा खरा प्रश्न, अख्ख्या शरीरातून की यकृतातून. यकृत हाच विषय असेल तर यकृतातूनच, अल्ब्युमिन-क्रे वापरून, म्हणजे फक्त यकृताच्या पेशींत चालू होणारी जनुक कापायची कात्री वापरून. पण एक ध्यानात घ्या: हे क्रे जन्माच्या वेळी जेमतेम ४० टक्के पेशींत जनुक कापतं, दूध तुटेपर्यंत ७५ टक्के, आणि पूर्ण काम व्हायला सहा आठवडे लागतात. त्यामुळे ‘गर्भातल्या यकृताच्या वाढीत या जनुकाचं स्थान’ असं शीर्षक प्रस्तावात घालू नका. परीक्षक पहिल्याच पानावर पकडतील. सहा आठवड्यांपुढचे उंदीर घ्या आणि प्रश्नही प्रौढ यकृताचाच विचारा. तुलनेला नुसता फ्लॉक्स, म्हणजे जनुकावर कापायच्या खुणा आहेत पण क्रे नाही असा उंदीर, पुरत नाही; फक्त क्रे असलेली भावंडंही ठेवा.

खोलीचं तापमान रोज लिहा, आणि परवानगी मिळाली तर एक गट ३० अंशांवर ठेवा. नीतिसमितीच्या फॉर्म बी मध्ये, म्हणजे प्राणिप्रयोगाच्या परवानगीच्या अर्जात, ते आधीच मागा, नंतरची दुरुस्ती फार रेंगाळते. खाद्य एकाच लॉटचं पूर्ण प्रयोगाला पुरेल इतकं घ्या. साध्या कणी-खाद्यात चरबी प्रत्येक पोत्यात तीच असते या भ्रमात राहू नका, आणि ६० टक्के ऊर्जा चरबीतून देणारं खाद्य फ्रीजबाहेर ठेवलंत तर आठवड्यात खवट वास येतो, उंदीर तोंड लावत नाही, आणि तुम्हाला वाटतं जनुकाने भूक मारली.

यकृताचा तुकडा रंगवायला पाठवताना गोठवूनच पाठवा. पॅराफिनच्या वाटेने गेला की झायलीन चरबी धुऊन काढतं आणि ऑइल रेड ओ या चरबी रंगवणाऱ्या रंगाला लाल करायला काही उरत नाही. दिसतात ती नुसती पांढरी भोकं. गोठवलेल्या तुकड्यावर तीच भोकं लाल मोत्यांसारखी भरलेली दिसतात. एक तुकडा मोजणीसाठी सरळ द्रव नायट्रोजनमध्ये टाका, आणि दोन्ही तुकडे प्रत्येक उंदराच्या यकृताच्या त्याच पाळीतून (लोबमधून) घ्या.

आणि प्लगची तारीख पिंजऱ्याच्या कार्डावर पेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई स्पिरिटचा एक फवारा बसला की पसरते, आणि मग साडेबारावा दिवस कोणता यावर दोघांत भांडण होतं.